गुप्तेबाईंची टाकी

गुप्तेबाई चहाचा कप थेट तोंडाला लावत नसत. कप जरा लांब धरायचा, उजव्या हाताने त्यावरची वाफ दोनदा नाकाकडे ढकलायची आणि मगच पहिला घोट घ्यायचा. प्रयोगशाळेत अनोळखी रसायन हुंगायची ती पद्धत. ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी समोर आली तरी हात आपोआप हलायचा. अंबरनाथच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत हे बघून मला हसू आलं. बाईंनी कप खाली ठेवला.

"हसू नकोस. आज दूध लागलंय. पिऊन बघ."

खरंच लागलं होतं.

ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. मी बदलापूरहून यायची, बाई शाळेपासून दहा मिनिटांवर राहायच्या. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, अंगाने काडीसारख्या, आणि आवाज मात्र मैदानाच्या पलीकडच्या रिक्षावाल्याने मान वळवावी असा. अंबाड्यात पिन खोचावी तसा खडू खोचलेला. तो विसरून त्या कित्येकदा तशाच बाजारात जायच्या. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायच्या. शाळेमागच्या नाल्याचं पाणी कधी जांभळं यायचं, कधी पिवळं. बाकीचे नाकाला रुमाल लावून पुढे जायचे. बाई वर्गच्या वर्ग काठावर नेऊन उभा करायच्या, दोरीला बाटली बांधून पाणी काढायच्या आणि लिटमसचा कागद बुडवून मुलांना विचारायच्या, "काय झालं?" एखादा म्हणायचा, "बाई, ॲसिड आहे." की बाई म्हणायच्या, "ते तुझं मत. मी विचारलं, काय झालं? कागद लाल झाला, एवढंच सांग."

स्वतःचं काही चुकलं तर "चुकलं" असं त्या म्हणत नसत. "निष्कर्ष बदलला," म्हणायच्या. एकदा मुख्याध्यापकांशी त्या तावातावाने भांडल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की चूक बाईंचीच होती. त्या सगळ्यांसमोर त्यांच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सर, कालचा निष्कर्ष बदललाय." सरांना ती माफी आहे हे कळायला दोन दिवस लागले.

आणि शाळेचं ते शाळेत. प्रयोगशाळेतला कापसाचा बोळासुद्धा त्या घरी नेत नसत. एकदा त्यांच्या बोटाला कापलं, तर रक्त रुमालाने दाबून दुकानातून पट्टी विकत आणली. मी म्हटलं, "बाई, कपाटात पट्ट्या आहेत की." त्या म्हणाल्या, "त्या मुलांना कापलं तर."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते उत्तरपत्रिका आणायला. दोन खोल्यांचं बैठं घर, मागे फरशीचं अंगण. अंगणात पत्र्याच्या आडोशाला ताडपत्री घातलेली एक मोटरसायकल होती, आणि तिच्याकडे पाठ करून, वेताच्या खुर्चीत बाईंचे यजमान बसले होते. गुप्तेकाका. सरकारी कारखान्यात ते फोरमन होते. तीन वर्षांपूर्वी कामावरच त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय पुढे थोडा सुधारला, काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाण्याइतका. हात नाही सुधारला. बोलता येत होतं, पण ते बोलत नसत. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. बाई आत-बाहेर करत त्यांच्याशी अखंड बोलत होत्या. शाळेत काय झालं, भाजीला काय आणलं, कोण कुठे भेटलं. उत्तराची वाट मात्र बघत नव्हत्या. वाट बघायची सवयच त्यांनी सोडून दिली होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या मोटरसायकलची कथा मला बाईंनीच सांगितली. लाल टाकीची, दोन सायलेन्सरची गाडी. तिची किक पुढे वळवली की तिचाच गिअर व्हायचा. काकांनी उमेदीत घेतलेली. लग्नानंतर दर रविवारी दोघं तिच्यावरून कुठे ना कुठे जायचे. कधी शिवमंदिर, कधी बदलापूरच्या पुढे धरणापर्यंत. झटक्यानंतर ती जी ताडपत्रीखाली गेली ती तशीच. मग एक दिवस काकांनी भंगारवाल्याला घरी बोलावलं. बाई शाळेतून आल्या तेव्हा तो गाडीचा भाव करत होता. बाईंनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि परत पाठवलं.

"मग हे एवढंच म्हणाले, 'चालवणार कोण?'" बाई मला सांगत होत्या. "मी म्हटलं, मी."

दुसऱ्या दिवशी मला त्या सोबत उल्हासनगरला घेऊन गेल्या. कॅम्प चारमध्ये लछूभाई नावाच्या सिंधी मेकॅनिकचं छोटं गॅरेज होतं. काकांची गाडी पूर्वी तोच बघायचा. बाईंनी चार बोल्ट सोडवून गाडीची टाकी आणली होती, जुन्या चादरीत गुंडाळून, तान्हं मूल आणावं तशी. लछूभाईने झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि डोकं मागे घेतलं.

"बाईजी, ये तो गई. अंदरसे पूरी खा गया जंग. नई डालो."

"नवी मिळते?"

"इस मॉडेलकी? कहाँ मिलेगी अब?"

"मग नवी डालो कशाला म्हणताय?" बाई म्हणाल्या आणि बॅटरी त्याच्या हातातून घेऊन स्वतः बघू लागल्या. मग मला दाखवलं. आत लालसर पापुद्रेच पापुद्रे. तळाशी गाळ, आणि जुन्या पेट्रोलचा आंबूस वास. बाहेरून चकचकीत लाल रंग, आतून ही अवस्था. मला वाटलं, बाई हिरमुसतील. त्या म्हणाल्या, "भोक कुठे नाही. बॅटरी आत मारली तर उजेड बाहेर येत नाही. म्हणजे पत्रा अजून आहे."

पुढचे दोन-अडीच महिने बाईंच्या अंगणात जे चाललं ते मी दर दोन-तीन दिवसांनी जाऊन बघत होते. आधी त्यांनी धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी घालून आतलं तेलकट सगळं धुऊन काढलं. मग सुटे पापुद्रे पाडायला मूठभर नट आत टाकले, टाकी गोधडीत गुंडाळली आणि दोन्ही हातांनी घुसळायला सुरुवात केली. खळखळाट इतका की शेजारच्या घरातून विचारणा आली. अर्ध्या तासाने उलटी केली तर नट पडले सात. टाकले होते दहा. बाई टाकी कानाशी हलवत, वाकडी-तिकडी करत उरलेले तीन शोधत होत्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साखळी घाल."

आम्ही दोघी वळलो. काका आमच्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडेच बघत होते. पण बोलले होते ते.

"काय म्हणालात?"

"सायकलची जुनी साखळी घाल. एका टोकाला सुतळी बांध, सुतळी बाहेर ठेव. नट आत अडकतात. साखळी ओढून काढता येते."

बाईंनी "बरं" म्हटलं, जणू रोजचंच आहे, आणि पदराला हात पुसत साखळी आणायला निघाल्या. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. वाटभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. गुप्तेबाई गप्प राहिल्याचा माझ्या आठवणीतला तो पहिला प्रसंग.

गंज काढायला फॉस्फोरिक आम्ल हवं होतं. प्रयोगशाळेच्या कपाटात बाटली होती, पण ते शाळेचं. बाईंनी कॅम्पातल्या रसायनाच्या दुकानातून स्वतः आणलं. मी विचारलं, "संडास साफ करायचं ॲसिड चालणार नाही का? स्वस्त असतं." "ते गंज खातं आणि मग टाकीही खातं," त्या म्हणाल्या. दोन दिवस टाकी या कुशीवरून त्या कुशीवर करत आम्ल आत ठेवलं. मग सोड्याच्या पाण्याने धुतली. आतला पत्रा राखाडी, स्वच्छ दिसला. आता त्यावर आतून काहीतरी लेप हवा, नाहीतर आठवड्यात पुन्हा गंज.

तो लेप दिला जनार्दनने. बाईंचा जुना विद्यार्थी, आनंदनगर एमआयडीसीच्या लगतच्या गावातला, आता तिथेच एका कंपनीत कामाला. घरची शेती एमआयडीसीत गेली आणि त्याच जमिनीवर तो पाळीने काम करायचा. बाईंनी निरोप धाडला तसा सायकलवरून आला.

"बाई, आमचे कंपनीन ड्रमाला आतून लावतान ना, तो लेप हाय. दोन डब्यांचा असतो. एकत्र केला का घट होतो. मंग पेट्रोल घाला नायतर रॉकेल, काय होत नाय त्याला. मी आनतो उद्या डब्बाभर."

"विचारून आणणार ना?"

जनार्दन हसला. "बाई, उरलेला टाकूनच देतान."

"तरी विचारून."

बाईंनी त्याच्या कंपनीच्या मॅनेजरला रीतसर अर्ज लिहिला. विषय : उरलेला लेप मिळणेबाबत. मॅनेजरने त्यावर "देण्यास हरकत नाही" असा शेरा मारून दोन डबे पाठवले. तो कागद बाईंनी जपून ठेवला होता.

रविवारी बाईंनी टाकी उन्हात वाळवली, लेप घातला, चहूबाजूंनी फिरवली, आणि आठवडाभराने ती गाडीवर चढली. गाडीचं बाकीचं काम लछूभाईने घरी येऊन केलं. बाई शिकायला लागल्या. त्यासाठी कॅम्पातल्या शिंप्याकडून त्यांनी आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस शिवून घेतला. सकाळी मैदानावर गाडी घेऊन जायच्या. जनार्दन मागे धावायचा. दोनदा पडल्या, कोपर सोललं. शाळेत कुजबूज झाली. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "बाई, हे शिक्षिकेला शोभतं का?" बाईंनी विचारलं, "कुठल्या नियमात बसत नाही तेवढं दाखवा, मी वाचून येते." सरांनी विषय बदलला.

पंधरा-वीस दिवस गाडी छान चालली. मग बदलापूर रस्त्यावर एकट्याच सराव करत असताना ती आचके देऊन बंद पडली. बाईंनी ती दोन-अडीच किलोमीटर ढकलत आणली. मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी पोचले तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या, ड्रेस घामाने चिकटलेला. कार्ब्युरेटर सोडवून काकांच्या पुढ्यात ठेवलेला होता. काकांनी चिमट्याने त्यातून काहीतरी उचललं. दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा. लेपच होता तो, सुटून आलेला.

"टाकी ओली होती," काका म्हणाले.

"कडक उन्हात वाळवली होती मी."

"वरून वाळली. खाली सांध्यात पाणी राहिलं. लेप पाण्यावर बसला."

बाईंनी वाकून तो पापुद्रा बघितला. मला वाटलं, आता निष्कर्ष बदलला म्हणतील. त्यांनी हाताचे तळवे डोळ्यांवर दाबले. "मला नाही जमत हो," त्या म्हणाल्या. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईंचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

काकांनी चिमटा खाली ठेवला. उजव्या हाताने त्यांनी पापुद्रा कागदात गुंडाळला आणि कागद खिशात ठेवला. मग म्हणाले, "थिनरने सगळं काढावं लागेल. पुन्हा पहिल्यापासून." आणि थोड्या वेळाने, "आहेच काय घाई?"

पुन्हा पहिल्यापासून. थिनर, साखळी, सोडा, आम्ल, सोडा. या वेळी धुतल्यावर बाईंनी आत स्पिरिट फिरवून ओतून टाकलं, म्हणजे सांध्यातलं पाणी त्याबरोबर निघावं. लग्नात आहेर आलेला माझा केस वाळवायचा ड्रायर कपाटात पडून होता, तो मी नेऊन दिला. बाईंनी लगेच लावला नाही. दिवसभर टाकी उघडी ठेवली, तोंडापाशी हात हलवून हलवून हुंगली. "स्पिरिटचा एवढासा वास असेपर्यंत याचं बटण दाबायचं नाही. भडका उडेल." मग दोन संध्याकाळी गरम हवा सोडली. तरी विश्वास नाही. मोरचूद तव्यावर तापवला की त्यातलं पाणी उडून तो पांढरा होतो, आणि पाण्याचा अंश लागला की पुन्हा निळा. पांढऱ्या मोरचुदाची मलमलीतली पुरचुंडी दोरीने टाकीत सोडून झाकण लावलं. सकाळी काढली. पांढरीच. काकांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "हे आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं," ते म्हणाले. फोरमनने दिलेलं ते प्रशस्तिपत्रक होतं.

लेप घालायचा दिवस बाईंनी ठरवला बुधवार. मला नवल वाटलं. लेप घातला की टाकी दर दहा मिनिटांनी नव्या कुशीवर करावी लागते, तीन-चार तास, नाहीतर तो सगळा तळाशी जमतो. आणि बुधवारी बाईंना सात तास होते. सकाळी त्यांनी पुन्हा अर्ज करून मागवलेले दोन डबे एकत्र करून लेप ओतला, भोकं बुचांनी बंद केली, टाकी गोधडीसकट काकांच्या मांडीवर ठेवली. भिंतीवर तक्ता चिकटवला. वेळ, टाकीची बाजू, आणि पुढे खूण करायला चौकोन. एक वाजेपर्यंतचा. "एक वाजता जादाचा लेप ओतून टाका," म्हणाल्या आणि शाळेत आल्या.

त्या दिवशी बाईंनी प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या फोडल्या. मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "बाई, घर दहा मिनिटांवर आहे. जाऊन या ना. एका हाताने कसं करतील?" त्या खिडकीशी उभ्या होत्या. "नाही," म्हणाल्या. डबा उघडला नाही. दुसऱ्या सुट्टीतही नाही.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. बाई भराभर चालत होत्या, आणि फाटकाशी आल्यावर एकदम थांबल्या. मग आत गेलो.

टाकी अंगणात दोन विटांवर उलटी ठेवलेली होती. खाली पत्र्यात जादाचा लेप गोळा होऊन खडा झाला होता. काका खुर्चीत बसून होते. सदऱ्यावर, हनुवटीवर, कोपरावर लेपाचे डाग. हनुवटीने आणि गुडघ्याने धरून धरून त्यांनी ती फिरवली होती. तक्त्यातल्या अकरापर्यंतच्या सगळ्या चौकोनांत खुणा होत्या. त्यापुढचे रिकामे.

बाईंनी रिकाम्या चौकोनांकडे बघितलं. "अकरानंतर?"

"तुझा तक्ता चुकला होता," काका म्हणाले. आवाज खणखणीत होता, कारखान्यातला. "आज ऊन जास्त आहे. लेप अकरालाच जड व्हायला लागला. मांडीवर वजन कळतं ना सरकताना. एकपर्यंत थांबलो असतो तर तळाशी धोंडा झाला असता. ओतून टाकला."

"चुकला होता?"

"पूर्ण चुकला होता."

"बरं झालं तुम्ही होतात," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू होता. काका मला म्हणाले, "मीना, बस ना. उभी काय? ही आता चहा टाकेल." माझं नाव त्यांना माहीत आहे हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, "रविवारी का नाही केलंत? तुम्ही घरी असता."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि तासावर निघून गेल्या.

टाकी बसली ती बसलीच. काही महिन्यांनी लछूभाई मिठाईचा पुडा आणि दोन गंजलेल्या टाक्या घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला. "बाईजी, सिखाओ." बाईंनी त्याला वही आणायला लावली, साखळीपासून मोरचुदापर्यंत सगळं लिहून घ्यायला लावलं आणि पुढच्या रविवारी तोंडी परीक्षा घेतली. पहिल्या खेपेला तो नापास झाला. सुकवण्याबद्दलच्या प्रश्नांना काका त्याला बोलावून उत्तरं देत. "गुप्तेसाबसे पूछो," असं मग लछूभाई गिऱ्हाइकांनाही सांगायला लागला, आणि रविवार सकाळी काकांच्या खुर्चीभोवती दोन-चार माणसं दिसू लागली.

पुढे मी नाशिकला बदली करून घेतली. काका गेल्याचं पत्र जनार्दनने लिहिलं. झोपेतच गेले. बाई निवृत्त होऊन पुण्याला दिलेल्या मुलीकडे गेल्या. गाडी त्यांनी जनार्दनला दिली. मी एकदा पुण्याला जायचं ठरवत राहिले, आणि मग ज्यांच्याकडे जायचं त्या बाईच तिथे उरल्या नाहीत.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते नाशिकला जाण्याच्या आदल्या आठवड्यात. मी एका नातेवाइकाकडून रिक्षाने बदलापूरला परतत होते. पेट्रोल पंपाशी रिक्षा थांबली. पुढे रांगेत एक लाल मोटरसायकल होती. बाईंनी झाकण उघडून छोटी बॅटरी आत मारली होती आणि वाकून बघत होत्या. मग पंपावरच्या माणसालाही बघायला लावत होत्या. मागे चार-पाच गाड्यांचे हॉर्न वाजत होते. काका काठी टेकत हळूहळू मागच्या सीटवरून उतरले, वळले आणि रांगेवर ओरडले, "वाजवताय काय? बघतायत ना त्या!"

हॉर्न थांबले. बाईंनी मान वरही केली नाही. पेट्रोल भरलं, काकांनी बाईंच्या खांद्यावर हात टेकून पाय टाकला, बसले. पहिली किक फुकट गेली. दुसरी पण. काका मागून काहीतरी म्हणाले, बाईंनी मान हलवली, थोडं थांबल्या, आणि तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. मी हाक मारणार होते. तेवढ्यात त्या धरणाच्या रस्त्याला लागल्या, काकांचा उजवा हात बाईंच्या कमरेभोवती, डावा मांडीवर ठेवलेला. मी रिक्षातून बाहेर वाकले, तर काका मागे बसून बाईंना काहीतरी सांगत होते, आणि वळणापर्यंत ते सांगतच होते.